पीळ जातो कुठे? डीएनएच्या हालचालींवरून जनुकाचे प्रतिलेखन कसे समजून घ्यावे

एकच प्रमोटर, अक्षर न अक्षर तोच, जिवाणूच्या गुणसूत्रावर एका ठिकाणी ठेवला तर जोमाने चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवला तर रखडतो, असे दिसले की बहुतेक जण आधी एखादे अज्ञात नियंत्रक प्रथिन शोधू लागतात. तो शोध घ्यायला हरकत नाही, पण त्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : या जागी प्रतिलेखन सुरू झाले की डीएनएला पडणारा पीळ जातो कुठे? डीएनए ही वाचायची ओळ आहे, ही उपमा पाठ्यपुस्तकांनी इतकी रुजवली आहे की डीएनए ही पिळली जाणारी, वाकणारी आणि ताणली जाणारी वस्तूही आहे, याचा विसर पडतो. त्या वस्तूचा हिशेब कसा मांडावा, हे येथे सांगितले आहे. वाचकाला प्रमोटर आणि आरएनए पॉलिमरेज यांची ओळख आहे असे गृहीत धरले आहे. गणित मात्र शाळेत शिकलेलेच पुरेल.

आधी दोरी हातात घ्यावी

दोन वेगळ्या रंगांच्या, प्रत्येकी सुमारे एक मीटर लांबीच्या मऊ सुती दोऱ्या घ्याव्यात. नायलॉनची दोरी टाळावी, कारण ती स्वतःच्या ताठरपणामुळे उलगडत राहते आणि मोजणी बिघडते. मी पहिल्या वेळी तीच घेतली होती आणि वळसे मोजता मोजता अर्धे हातातून निसटले. दोन्ही दोऱ्यांची एकेक टोके एकत्र करून खुंटीला बांधावीत, दुसरी टोके हातात धरून दोऱ्यांना एकमेकींभोवती २० वळसे द्यावेत आणि मग ते टोकही पक्के बांधून टाकावे. वळसे उजव्या पिळाचे असावेत, म्हणजे दोरी उभी धरली असता समोरचा पदर खाली डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसला पाहिजे. पेशीतल्या डीएनएचा नेहमीचा पीळ असाच असतो.

आता बरोबर मध्यभागी दोन पदरांच्या मधून एक पेन्सिल घालावी. तिच्या दोन्ही बाजूंना १०-१० वळसे असतील. पेन्सिल दोरीभोवती अजिबात फिरू न देता एका टोकाकडे सरकवत उरलेल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत न्यावी. पुढे अजूनही १० वळसे आहेत, पण त्यांना जागा निम्मीच उरली आहे. मागेही १० वळसेच आहेत, पण ते दीडपट लांबीत पसरले आहेत. पुढचा भाग कडक होतो आणि दोरी किंचित सैल सोडताच तिथे ती स्वतःवरच वेटोळी घेते. मागचे पदर मात्र एकमेकांपासून सुटे होऊ लागतात.

हाच प्रयोग आणखी दोन प्रकारे करावा. एकदा पेन्सिलीला दोरीच्या पिळाबरोबर फिरू द्यावे : काहीच साचत नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल न फिरवता पुढचे टोक सोडून द्यावे : टोक गरगर फिरते आणि जास्तीचा पीळ निघून जातो. म्हणजे पीळ साचण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, पुढे सरकणारी वस्तू फिरता कामा नये आणि दोरीची टोके मोकळी असता कामा नयेत. लेरॉय लिउ आणि जेम्स वांग यांनी १९८७ मध्ये प्रतिलेखनाबाबत नेमके हेच मांडले : पॉलिमरेजच्या पुढे धन (जास्तीचा) पीळ आणि मागे ऋण (कमी पडलेला) पीळ, असे दोन प्रदेश एकाच वेळी तयार होतात. जिवाणूत पॉलिमरेजच्या मागे नवा आरएनए लोंबत असतो, त्यावर रायबोसोम चढलेले असतात, आणि ते तयार करत असलेले प्रथिन पेशीपटलात रुतत असेल तर ही सगळी वरात डीएनएभोवती फिरणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा फिरावे लागते ते डीएनएला.

मग आकडे मांडावेत

डीएनएच्या दोन पदरांत एका पूर्ण वळशासाठी सुमारे १०.५ बेसजोड्या लागतात. दोन पदर एकमेकांत किती वेळा गुंतलेले आहेत, या संख्येला लिंकिंग नंबर म्हणतात. टोके बांधलेली असतील किंवा रेणू वर्तुळाकार असेल, तर पदर तोडल्याशिवाय ही संख्या बदलत नाही. ती दोन भागांची बेरीज असते : पदरांचा एकमेकांभोवतीचा पीळ, आणि अख्ख्या रेणूने अवकाशात घेतलेली वेटोळी. एक कमी झाला की दुसरा तेवढाच वाढतो. दोरीने वेटोळे घेतले तेव्हा आपण हेच पाहिले.

उदाहरण म्हणून पीबीआर३२२ हे प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राहून वेगळा असा लहान वर्तुळाकार डीएनए, घ्यावे. त्याची लांबी ४३६१ बेसजोड्या आहे. ४३६१ ला १०.५ ने भागले की ४१५ येतात; निवांत अवस्थेतला लिंकिंग नंबर तो. ई. कोलाय जिवाणूतून काढलेल्या प्लाझ्मिडमध्ये हा आकडा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे साधारण २५ वळशांची तूट असते. या तुटीला ऋण सुपरकॉइलिंग म्हणतात. जिवंत पेशीत तिच्यातील सुमारे निम्मी तूट प्रथिनांनी डीएनए गुंडाळून अडकवलेली असते आणि उरलेलीच मोकळेपणाने काम करू शकते, हे नीट लक्षात ठेवावे. पुढे मोजमाप करताना याच ठिकाणी चूक होते.

आता याच प्लाझ्मिडवरच्या १००० बेसजोड्यांच्या जनुकावरून एक पॉलिमरेज न फिरता गेले असे समजावे. १००० भागिले १०.५, म्हणजे सुमारे ९५ वळसे. एका फेरीत पुढे ९५ धन आणि मागे ९५ ऋण वळसे तयार झाले. सगळ्या प्लाझ्मिडची मूळ तूट होती अवघी २५. प्रतिलेखनाचा वेग ई. कोलायमध्ये सेकंदाला ४० ते ५० बेस असतो, त्या हिशेबाने डीएनए सेकंदाला सुमारे चार ते पाच वेळा फिरला पाहिजे. हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढावा. त्यानंतर पेशीत टोपोआयसोमरेज ही विकरे का असतात, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या विकरांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. ई. कोलायमध्ये १९७१ मध्ये सापडलेले टोपोआयसोमरेज १ ऋण पीळ सोडवते आणि लिंकिंग नंबर एका वेळी १ ने बदलते. १९७६ मध्ये सापडलेले जायरेज एटीपी खर्च करून तो एका वेळी २ ने कमी करते, म्हणजे पॉलिमरेजच्या पुढचा धन पीळ घालवण्याचे काम मुख्यतः त्याचे. एक मागची बाजू सांभाळते, दुसरे पुढची. टोपोआयसोमरेज १ नसलेल्या जिवाणूत पीबीआर३२२ वरचे टेट्रासायक्लिन-प्रतिकाराचे जनुक चालू असेल, तर प्लाझ्मिडमध्ये ऋण पीळ बेसुमार साचतो. जायरेज रोखले तर उलट होते आणि प्लाझ्मिड धन पिळाचे मिळते. त्या जनुकाचे प्रथिन पेशीपटलात रुतणारे आहे, ही बाब दोरीच्या प्रयोगानंतर योगायोग वाटत नाही.

प्रमोटर उघडायला किती मदत मिळते

पीळ साचतो हे मान्य झाले, तरी त्याचा प्रतिलेखनाशी संबंध ऊर्जेच्या भाषेत दाखवता आला पाहिजे. २००० बेसजोड्यांहून मोठ्या वर्तुळाकार डीएनएसाठी एक उपयोगी सूत्र आहे : साठलेली ऊर्जा म्हणजे ११०० गुणिले आरटी (वायू-स्थिरांक गुणिले केल्विनमधले तापमान), भागिले बेसजोड्यांची संख्या, गुणिले वळशांच्या तुटीचा वर्ग. पीबीआर३२२ साठी २५ वळशांच्या तुटीला हे उत्तर सुमारे १५८ आरटी येते. आपल्याला हवी ती बेरीज नसून एका वळशाचा फरक आहे. तूट २५ वरून २४ झाली तर सुमारे १२ आरटी ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला मोलमागे साधारण साडेसात किलोकॅलरी.

प्रतिलेखन सुरू होताना पॉलिमरेज प्रमोटरपाशी १२ ते १४ बेसजोड्या उलगडते, म्हणजे एक वळसा आणि वर थोडे. तेवढी तूट त्या उघडलेल्या बुडबुड्यात सामावते आणि उरलेला डीएनए तेवढा सैलावतो. उघडण्याच्या खर्चातला मोठा हिस्सा अशा प्रकारे पिळानेच आधी भरून ठेवलेला असतो. जिवंत पेशीत मोकळी तूट निम्मीच धरली, तर ही मदतही साधारण निम्म्यावर येते, पण ती नगण्य होत नाही.

या मदतीची गरज प्रत्येक प्रमोटरला सारखी नसते. ती तपासायला अनुक्रमातल्या दोन जागा पाहाव्यात. पहिली, प्रतिलेखनाच्या पहिल्या बेसच्या सुमारे ३५ आणि १० बेस आधी असलेल्या, उणे ३५ आणि उणे १० या दोन खुणांमधले अंतर. ते १७ बेसजोड्यांचे असेल तर दोन्ही खुणा पॉलिमरेजच्या पकडीत नीट बसतात. एक बेसजोडी कमी-जास्त झाली की अंतर फक्त एक तृतीयांश नॅनोमीटरने बदलते, पण दिशा सुमारे ३४ अंशांनी फिरते. हे फिरणे जास्त महाग पडते आणि ते भरून काढायला पिळाचा आधार लागू शकतो. दुसरी जागा म्हणजे उणे १० पासून प्रतिलेखनाच्या पहिल्या बेसपर्यंतचा पट्टा. तो जी आणि सी बेसनी भरलेला असेल तर उघडायला कठीण आणि म्हणून पिळावर जास्त अवलंबून असतो. रायबोसोमच्या आरएनएचे प्रमोटर या जातीचे आहेत. उलट जायरेजच्या स्वतःच्या जनुकांचे प्रमोटर डीएनए सैलावला की अधिक चालतात. १९८३ मध्ये दिसून आलेली ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते : पीळ कमी पडतो, तेव्हा पीळ घालणारे यंत्र पेशी जास्त बनवते.

शेजारी कोण आहे ते पाहावे

यानंतर जनुकाच्या दोन्ही बाजूंचा नकाशा काढावा आणि प्रत्येक शेजाऱ्याची दिशा बाणाने दाखवावी. दोन जनुके एकमेकांकडे पाठ करून चालत असतील तर दोघांच्या मधल्या भागात ऋण पीळ साचतो आणि दोन्ही प्रमोटर उघडायला सोपे होतात. समोरासमोर येणाऱ्या जनुकांच्या मध्ये धन पीळ साचतो आणि दोन्ही पॉलिमरेज अडखळतात. साल्मोनेला जिवाणूतले ल्यू-५०० हे उत्परिवर्तन याचे जुने आणि चांगले उदाहरण आहे. त्याचा प्रमोटर उणे १० च्या जागी बिघडलेला असून एरवी जवळजवळ बंद असतो, पण टोपोआयसोमरेज १ निकामी झाले की तो पुन्हा चालू होतो. बिघाड अनुक्रमात आणि दुरुस्ती पिळात, असा हा प्रकार आहे.

अडथळे कुठे आहेत, तेही नकाशावर दाखवावे. वर्तुळाकार प्लाझ्मिडमध्ये पुढचा धन आणि मागचा ऋण पीळ उलट्या बाजूने येऊन एकमेकांना खोडू शकतात; मध्ये एखादे प्रथिन डीएनए घट्ट बांधून बसले असेल तर तसे होत नाही. एकाच जनुकावर एकामागोमाग अनेक पॉलिमरेज चालत असतील तर पुढच्याच्या मागचा ऋण पीळ आणि मागच्याच्या पुढचा धन पीळ यांची वजाबाकी होते आणि सगळा ताफा वेगाने जातो. २०१९ मध्ये ई. कोलायमध्ये असे आढळले की प्रमोटर बंद केला, की आधीच वाटेवर असलेल्या पॉलिमरेजांचाही वेग मंदावतो. मागून येणारे कोणी नसेल, तर मागे साचलेला ऋण पीळ खोडणारेही कोणी नसते.

किती अडथळा झाल्यावर पॉलिमरेज थांबते, याचेही मोजमाप उपलब्ध आहे. २०१३ मधल्या एका प्रयोगात ई. कोलायचे एकटे पॉलिमरेज सुमारे ११ पिकोन्यूटन-नॅनोमीटर इतक्या विरोधी टॉर्कला, म्हणजे उलट फिरवणाऱ्या जोराला, थांबते असे दिसले. एका पूर्ण फेऱ्यासाठी याला २π ने गुणले की सुमारे ६९ पिकोन्यूटन-नॅनोमीटर काम होते; पेशीतल्या उष्णतेच्या एका धक्क्याच्या, म्हणजे ४.१ च्या, जवळपास १७ पट. यंत्र बळकट आहे, पण अजिंक्य नाही. म्हणूनच काळाचाही विचार करावा लागतो. जोरात चालणारे जनुक थोडा वेळ आरएनए बनवते, पुढे धन पीळ साचतो, ते थांबते, जायरेज येऊन पीळ काढते आणि ते पुन्हा सुरू होते. आरएनए असा झटक्याझटक्याने बनण्यामागे ई. कोलायमध्ये हे कारण असल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले. तेव्हा पेशींच्या समूहाची सरासरी सपाट दिसली, म्हणून प्रत्येक पेशीतले प्रतिलेखनही सपाट आहे असे मानू नये.

वाकणे आणि रोख

पिळाचा हिशेब संपल्यावर वाकण्याकडे वळावे. सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे १५० बेसजोड्यांपर्यंतचा डीएनए आपला सरळपणा बराचसा राखतो. त्याहून लांब तुकडा सहज वाकतो, लहान तुकड्याला वाकवावे लागते. लॅक्टोजच्या जनुकसमूहात दमनकारी प्रथिन दोन जागा एकाच वेळी धरून डीएनएची फास बनवते. मुख्य जागेपासून सहायक जागा ९२ आणि ४०१ बेसजोड्यांवर आहेत. ९२ बेसजोड्यांची फास सरळपणाच्या मर्यादेपेक्षा लहान आहे, म्हणून ती बनवायला ऋण पिळाची वेटोळी आणि डीएनए वाकवणारी इतर प्रथिने उपयोगी पडतात.

लहान फासेत अंतराइतकाच रोखही महत्त्वाचा असतो. अरॅबिनोजच्या जनुकांवर १९८४ मध्ये केलेला प्रयोग अजूनही विद्यार्थ्यांना प्रथम दाखवावा असा आहे. दोन जागांच्या मध्ये ५ बेसजोड्या, म्हणजे अर्धा वळसा, घातला तर दमन मोडले. ११ बेसजोड्या, म्हणजे जवळपास पूर्ण वळसा, घातल्या तर ते टिकले. अंतर जास्त वाढूनही दमन टिकले, कारण दुसरी जागा पुन्हा त्याच बाजूला आली. म्हणून आपल्या रचनेत काही बेस घालताना किंवा काढताना त्यांची संख्या १०.५ च्या पटीच्या किती जवळ आहे, हे आधी पाहावे. निर्बंधक विकराची (डीएनए ठरावीक अनुक्रमाशी कापणाऱ्या विकराची) जागा घालण्यासाठी सहज टाकलेल्या सहा बेसनी अख्खा प्रयोग उलटा झालेला मी पाहिला आहे.

केंद्रक असलेल्या पेशींत

येथे डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो : १४७ बेसजोड्या, सुमारे १.६५ फेरे, आणि तेही डाव्या वळणाचे. अशा एका गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. हे गुंडाळणे ऋण पीळ स्वतःत साठवून ठेवते. त्यामुळे पॉलिमरेजच्या पुढचा धन पीळ न्यूक्लिओसोम सैल करायला मदत करतो आणि मागचा ऋण पीळ तो पुन्हा बसवायला. न्यूक्लिओसोम म्हणजे कुलूप अशी कल्पनाही सोडून द्यावी. त्याच्या कडेचा डीएनए सुमारे २५० मिलिसेकंद गुंडाळलेला राहतो आणि मग १० ते ५० मिलिसेकंद उघडतो, असे २००५ मध्ये मोजले गेले. नियंत्रक प्रथिनाची जागा कडेला असेल तर तिला ही संधी वारंवार मिळते, मध्यभागी असेल तर क्वचित. म्हणून एखादी जागा न्यूक्लिओसोममध्ये आहे एवढे लिहून थांबू नये. ती कडेपासून किती आत आहे, तेही नोंदवावे.

ऋण पिळाचा उपयोग इशाऱ्यासारखाही होतो. माणसातल्या सी-मिक जनुकाच्या सुरुवातीच्या सुमारे दीड हजार बेसजोड्या आधी एक पट्टा आहे. जनुक जोरात चालू लागले की मागे येणाऱ्या ऋण पिळाने तो उघडतो आणि उघड्या पदराला धरणारी दोन प्रथिने तिथे येतात, एक प्रतिलेखन वाढवणारे आणि दुसरे आवरणारे. दुसऱ्या टोकाला फार लांब जनुके आहेत. चेतापेशींत टोपोटेकन या औषधाने टोपोआयसोमरेज १ रोखले की अतिलांब जनुकांचे प्रतिलेखन सर्वांत जास्त घटते, हे २०१३ मध्ये दिसून आले. लांबी जितकी जास्त, तितका सोडवायचा पीळ जास्त.

अंदाज पडताळावा कसा

सर्वांत स्वस्त चाचणी जागा बदलण्याची आहे. तोच प्रमोटर, तोच वार्ताहर जनुक (ज्याचे उत्पादन सहज मोजता येते असे), पण शेजारच्या जनुकाचा बाण एकदा सरळ आणि एकदा उलटा ठेवावा, आणि शेजारी बाहेरून चालू-बंद करता येईल असा निवडावा. शेजारी चालू केल्यावर दिशेप्रमाणे फरक पडला तर पिळाचा संशय बळावतो.

दुसरी चाचणी नोव्होबायोसिनने जायरेज रोखण्याची. हे औषध दिल्यानंतर पहिल्या काही मिनिटांतच नमुने घ्यावेत. पुढे पेशीची वाढच थांबते आणि मग पडलेला फरक पिळाचा की आजारपणाचा हे सांगता येत नाही. औषधाला दाद न देणारे जायरेज असलेला जिवाणू शेजारच्या नळीत ठेवणे अनिवार्य समजावे. सर्व नमुने वाढीच्या एकाच टप्प्यावर घ्यावेत, कारण वाढ थांबलेल्या जिवाणूंतला डीएनए मुळातच जास्त सैल असतो. रात्रभर वाढवलेल्या कल्चरची सकाळच्या ताज्या कल्चरशी तुलना केल्याने अनेकांनी नसलेला परिणाम शोधून काढला आहे.

तिसरी चाचणी म्हणजे प्लाझ्मिड काढून जेलवर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने रेणूंना वेगवेगळ्या वेगाने पुढे ढकलणाऱ्या थरावर, पिळाची प्रत्यक्ष मोजणी. येथे दोन पथ्ये आहेत. शुद्ध केलेल्या प्लाझ्मिडवरून प्रथिने निघून गेलेली असतात, त्यामुळे जेल एकूण तूट दाखवते, पेशीतली मोकळी तूट नव्हे. शिवाय साध्या जेलमध्ये ५ धन वळसे आणि ५ ऋण वळसे असलेले रेणू सारखेच अंतर कापतात. म्हणून पहिली धाव साध्या जेलमध्ये घ्यावी, मग जेल क्लोरोक्विनच्या द्रावणात भिजवून काटकोनात दुसरी धाव घ्यावी. क्लोरोक्विन बेसजोड्यांच्या मध्ये शिरून डीएनए थोडा उलगडते. त्यामुळे धन पिळाचे रेणू आणखी कसून आवळले जाऊन वेगाने धावतात, तर तेवढ्याच ऋण पिळाचे रेणू सैल होऊन मागे पडतात. जेलवर ठिपक्यांची कमान उमटते, तिची एक फांदी धन आणि दुसरी ऋण. कमानीच्या माथ्यापासून ठिपके मोजत जावे. शेजारच्या दोन ठिपक्यांतला फरक नेहमी एका वळशाचा असतो. जायरेज रोखून आणि जनुक चालू ठेवून काढलेल्या प्लाझ्मिडचे ठिपके धन फांदीवर सरकले, आणि जनुक बंद असताना ते तसे सरकले नाहीत, तर तो पीळ प्रतिलेखनानेच घातलेला आहे असे लिहायला आधार मिळाला.